वाचकांचे प्रश्न : ३६० अंशांच्या टूरमध्ये लिंक नेमकी कुठे ठेवायची?

प्रश्न : वाईजवळ आमचा जुना दोन चौकी वाडा आहे. भावकीत वाटण्या व्हायच्या आत त्याची नोंद राहावी म्हणून पुतण्याने ३६० कॅमेऱ्याने सगळ्या खोल्यांचे फोटो काढून ठेवलेत. आता दारावर क्लिक केलं की पुढच्या खोलीत जाता यावं आणि बळद, कोरीव खांब, जातं यांवर क्लिक केलं की माहिती दिसावी, अशी इच्छा आहे. एका ओळखीच्याने दरमहा पैसे भरायची सेवा सुचवली. घरच्या घरी, खर्च न करता जमेल का?
— एक वाचक, वाई

उत्तर : जमेल, आणि चांगलं जमेल. फोटो हाताशी आहेत म्हणजे कष्टाचा मोठा भाग उरकलाच आहे.

आधी लिंक म्हणजे काय ते समजून घ्या. ३६० कॅमेऱ्याचा फोटो उघडा पसरला की तो लांबट दिसतो. त्याची रुंदी उंचीच्या बरोबर दुप्पट असते. त्यात डावीकडून उजवीकडे ३६० अंश आणि वरून खाली १८० अंश अशी अख्खी खोली असते. म्हणून खोलीतली कुठलीही जागा दोन कोनांत सांगता येते. आडव्या कोनाला सॉफ्टवेअरवाले ‘यॉ’ म्हणतात, उभ्याला ‘पिच’. फोटोच्या मध्यावर दोन्ही शून्य. उजवीकडे गेलं की यॉ वाढतो, वर गेलं की पिच.

समजा तुमचा ओसरीचा फोटो ६००० बाय ३००० पिक्सेलचा आहे आणि माजघराचा उंबरठा डावीकडून ३७५० आणि वरून १७२५ पिक्सेलवर येतो. ३७५० भागिले ६००० म्हणजे ०.६२५. त्यातून अर्धा वजा करा, ३६० ने गुणा, यॉ आला ४५. उभ्या बाजूला १७२५ भागिले ३००० म्हणजे ०.५७५. ते अर्ध्यातून वजा करून १८० ने गुणलं की पिच उणे १३.५. लिंकची जागा ठरली. मग क्लिक केल्यावर कुठे जायचं, एवढंच सांगायचं उरतं.

दर खेपेला हे गणित करायची गरज नाही. पॅनेलम नावाचा मोफत, मुक्त स्रोत व्ह्यूअर, म्हणजे ३६० फोटो ब्राउझरमध्ये दाखवणारं सॉफ्टवेअर, आहे. त्यात ‘हॉटस्पॉट डीबग’ चालू ठेवलं की फोटोत जिथे क्लिक कराल तिथले दोन्ही कोन ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (तांत्रिक नोंदी दाखवणाऱ्या चौकटीत) उमटतात. ते उचलून टूरच्या फाइलीत लिहायचे. पॅनेलममध्ये हॉटस्पॉट, म्हणजे क्लिक करायच्या खुणा, दोन जातीच्या असतात : एका दृश्यातून दुसऱ्यात नेणारी आणि माहिती दाखवणारी. तुम्हाला दोन्ही लागतील. फाइल लिहिण्याचा कंटाळा असेल तर मार्झिपानो या दुसऱ्या व्ह्यूअरचं टूल वापरा. ब्राउझरमध्येच फोटो टाकायचे, माउसने खुणा ठेवायच्या आणि तयार टूर झिप करून उतरवून घ्यायची. तरीही वर दिलेलं गणित एकदा वहीवर करून बघा असं मी आवर्जून सांगते. एखादी खूण भिंतीवर किंवा तुळईवर जाऊन बसली तर का बसली ते मग लगेच कळतं.

आता खरा मुद्दा. बहुतेक जण दाराच्या मधोमध बाण ठेवतात, म्हणजे माणसाच्या छातीच्या उंचीवर. तो हवेत लटकतो, आणि दारापलीकडचा जो उजेड बघून आत जावंसं वाटतं तोच झाकतो. खूण उंबरठ्यापाशी, जमिनीवर ठेवा. पाऊल जिथे पडणार तिथे. सपाट जमिनीवर याचाही हिशेब सोपा आहे : कॅमेरा दीड मीटर उंचीवर असेल तर ६ मीटरवरचा उंबरठा उणे १४ अंशांवर येतो, ३ मीटरवरचा उणे साडेसव्वीसच्या आसपास. लांबचं दार आणि जवळचं दार यांच्या खुणा एकाच रेषेत दिसल्या तर समजावं की त्या अंदाजाने ठेवल्यात.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आत शिरल्यावर तोंड कुठे असतं. ओसरीवरून माजघरात जाणाऱ्याला समोर माजघर दिसतं. क्लिक करताच समोर तेच दार उलट बाजूने दिसलं, तर बघणाऱ्याला आपण बाहेर पडलो असं वाटतं, आणि दोन-तीन खोल्यांत तो पुरता गोंधळतो. पॅनेलममध्ये प्रत्येक लिंकबरोबर ‘टार्गेट यॉ’ देता येतो, म्हणजे पोहोचल्यावर कुठे बघायचं ते. तो काढायची सोपी रीत सांगते. माजघराचा फोटो उघडा आणि ज्या दारातून आत आलो ते दार किती अंशांवर आहे ते बघा. ते उणे १२० वर असेल तर त्यात १८० मिळवा. ६० अंश हीच आत येणाऱ्याची नजर. होकायंत्र लागत नाही, पुतण्याने कॅमेरा कसाही ठेवला असला तरी अडत नाही.

मार्झिपानोच्या तयार टूरमध्ये मात्र खोलीत कुठूनही शिरा, त्या खोलीसाठी ठरवलेलं एकच दृश्य समोर येतं. एका दाराच्या खोलीला ते चालतं. तुमच्या माजघराला ओसरीचं, स्वयंपाकघराचं, देवघराचं अशी तीन दारं असणार. तिथे ते चालत नाही. दोन चौकी वाड्यासाठी मी पॅनेलमच घेईन.

अडखळण्याच्या दोन जागा आधीच सांगून ठेवते. फाइल नुसती डबल क्लिक करून उघडली तर फोटो दिसत नाही. ब्राउझर सुरक्षिततेसाठी तसं करू देत नाही. संगणकावर छोटा लोकल सर्व्हर चालवा, पायथन असेल तर एका ओळीत होतो. दुसरं, विंडोजला फाइलच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर सारखंच. वेबसाइटच्या लिनक्स सर्व्हरला ते वेगळं. घरी चाललेली लिंक साइटवर चढवल्यावर मेली तर आधी नावं तपासा.

माहितीच्या खुणा कमी ठेवा. एका खोलीत चार-पाच झाल्या की माणूस खोली बघायची सोडून ठिपके टिपत बसतो. बळदाच्या झाकणावर एक ठेवा, आणि तिथे ‘धान्य साठवण्याची जागा’ असं लिहून थांबू नका. ते तर कुणीही लिहील. तुमच्या बळदात किती धान्य मावायचं, आत कोण उतरायचं, ते उघडण्याआधी काय करायचे, हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसं आज घरात आहेत. त्यांना बोलतं करा, मोबाइलवर आवाज घ्या आणि खुणेला ती ध्वनिफीत जोडा. जात्यावर एखादी ओवी म्हणणारं कुणी असेल तर त्याहून चांगलं. आणि हे सगळं सार्वजनिक करण्याआधी घरातल्या थोरांना एकदा पूर्ण टूर दाखवा. तिजोरी, दप्तरातले कागद, कुलपांच्या जागा, भिंतीवरचे हयात माणसांचे फोटो यांपैकी काय झाकायचं ते त्यांनी ठरवावं. वाटण्या व्हायच्या आहेत म्हणता, तेव्हा हे जास्तच सांभाळा.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत आल्यावर सातवीच्या मुलांनी रायगडाची व्हर्च्युअल टूर करायला घेतली. शाळेच्या संगणकावर छान दिसते. घरी मोबाइलवर मात्र मुलांना खुणा दिसतात पण नावं दिसत नाहीत. काहींना मराठी मजकुराच्या जागी विचित्र चिन्हं दिसतात. काय चुकतंय?
— एक शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : बाई, मुलांचं काही चुकलेलं नाही. संगणकावर माउस खुणेवर नेला की नाव उमटतं. मोबाइलवर बोट नुसतं ‘वर नेता’ येत नाही. ते टेकतं तेव्हा थेट क्लिक होतो. म्हणून नाव कायम दिसेल असं ठेवा. पॅनेलममध्ये खुणेला स्वतःचा सीएसएस वर्ग, म्हणजे ती कशी दिसावी ते ठरवणारा नियम, देता येतो, त्यातून हे होतं. नाव दोन-तीन शब्दांचं हवं : ‘नगारखाना’, ‘होळीचा माळ’, ‘बाजारपेठ’. ‘इथे क्लिक करा’ असं कुठेही लिहू नका, क्लिक केल्यावर काय मिळणार ते लिहा. खुणेचा आकारही बघा. वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत बोटाने दाबायच्या जागेसाठी ४४ बाय ४४ पिक्सेल हे वरच्या पायरीचं माप आहे, आणि २०२३ मध्ये आलेल्या आवृत्तीत किमान २४. मुलं हलत्या एसटीत बसून बघतील, तेव्हा ४४ च धरा.

विचित्र चिन्हांचं कारण बहुधा फॉन्ट. मजकूर श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केला असेल तर तो फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर गिचमीड दिसते. मजकूर युनिकोडमध्ये आणा, फाइल यूटीएफ-८ म्हणून साठवा. फोटोंची फाइलनावं मात्र साध्या इंग्रजी अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता ठेवा, तिथे देवनागरीचा आग्रह नको.

आता तुम्ही विचारलेलं नाही तरी रायगड म्हटल्यावर सांगायलाच हवं असं एक. जगदीश्वराच्या देवळापाशी रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांच्या नावाची पायरी आहे, ‘सेवेचे ठायी तत्पर’ हे शब्द असलेली. तुमच्या टूरमध्ये ती असेलच. मुलांनी फोटोत झूम करून ती वाचायचा प्रयत्न केला असेल आणि नुसता करडा दगड दिसला असेल. याचं कारण मुलांकडूनच काढून घ्या, गणिताचा छान तास होईल. ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो ३६० अंशांत वाटला की एका अंशाला साधारण १७ पिक्सेल येतात. ३ मीटरवरून ६० सेंटिमीटर रुंदीचा दगड सुमारे साडेअकरा अंशांत मावतो. म्हणजे सगळा लेख १९० पिक्सेलांत. एवढ्यात झिजलेलं अक्षर कुठून दिसणार? झूम केल्याने पिक्सेल मोठे होतात, वाढत नाहीत.

अशा जागी खुणेचं खरं काम सुरू होतं. पायरीवरच खूण ठेवा, आणि ती उघडली की त्या दगडाचा वेगळा, जवळून काढलेला साधा फोटो दिसू द्या. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना काढलेला. तिरप्या उन्हात कोरीव अक्षराच्या कडेला सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. फोटोखाली मुलांनी केलेलं वाचन लिहा. हिरोजींच्या पायरीपर्यंत येऊन मूल तिथे थांबलं, वाकून बघितलं, वाचलं, असं टूरमध्येही घडायला हवं. ती पायरी बाण दाबत ओलांडून जायची नाही.

पुन्हा फोटो काढायला जाल तेव्हा लक्षात असू द्या : पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंत ट्रायपॉड लावायला आधी परवानगी लागते. शाळेच्या लेटरहेडवर अर्ज करा. आणि १२ किल्ल्यांपैकी जिंजी तमिळनाडूत आहे, बाकीचे ११ आपल्याकडे. पुढच्या तुकडीला काम पुरेल.

प्रश्न : माझं मालवणला होम-स्टे आहे. टूरमध्ये खोलीच्या दारावरच व्हॉट्सॲपची आणि फोनची लिंक देता येईल का? गुगल स्ट्रीट व्ह्यूवर टाकलं तर तिथेही चालेल का?
— एक व्यावसायिक, मालवण

उत्तर : स्वतःच्या साइटवरच्या टूरमध्ये चालेल. खुणेच्या लिंकमध्ये वेब पत्त्याऐवजी फोनची किंवा व्हॉट्सॲपची लिंक लिहायची, बस. पण ती खोलीच्या दारावर नको. दारावर क्लिक करणाऱ्याला खोली बघायची असते, फोन लावायचा नसतो. संपर्काचं बटण फोटोबाहेर, पडद्याच्या खालच्या कडेला कायम ठेवा. स्ट्रीट व्ह्यूवर फोटो एकमेकांना जोडता येतात, पण त्यांवर स्वतःची माहितीची किंवा फोनची खूण ठेवता येत नाही. तिथे टाका जरूर, नकाशावर लोक शोधतात. त्यावर अवलंबून राहू नका.

प्रश्न : आमच्या गावच्या वस्तुसंग्रहालयाची टूर काही वर्षांपूर्वी एका संस्थेकडून करून घेतली होती. आता ती उघडतच नाही. जी पानं उघडतात त्यांतल्या निम्म्या लिंक मेलेल्या आहेत. पुन्हा सगळा खर्च करावा लागेल का?
— एक विश्वस्त, सोलापूर जिल्हा

उत्तर : कदाचित नाही. तुमच्याकडे काय उरलंय त्यावर आहे.

टूर मरण्याची कारणं ठरलेली असतात. जुन्या कितीतरी टूर फ्लॅशवर होत्या. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअर बंद केला आणि त्या सगळ्या एकदम अंधारात गेल्या. गुगलचं टूर क्रिएटर शाळाशाळांत वापरलं जायचं, ते ३० जून २०२१ ला बंद झालं. कधी करून देणाऱ्याने सर्व्हरचं भाडं भरणं थांबवलेलं असतं. या तिन्ही प्रकारांत मूळ फोटो करून देणाऱ्याकडे बहुधा शाबूत असतात. बंद पडतो तो दाखवणारा व्ह्यूअर किंवा ठेवायची जागा.

तेव्हा त्या संस्थेला आजच पत्र लिहा आणि तीन गोष्टी मागा : प्रत्येक दालनाचा तुकडे जुळवून तयार केलेला मूळ ३६० फोटो, पूर्ण आकारात, लिंकांची फाइल, एक्सएमएल किंवा जेसॉन जी असेल ती, आणि खुणांमागचा मजकूर व फोटो. लिंकांची फाइल मिळाली तर निम्मं काम वाचतं. कोन तेच राहतात, फक्त नव्या व्ह्यूअरच्या भाषेत लिहायचे. एक सांभाळा : पॅनेलम अंशांत मोजतो, मार्झिपानो रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककात. सगळे आकडे उणे ३.१४ ते ३.१४ च्या आतच दिसले तर ते रेडियन आहेत, ५७.३ ने गुणा. क्रपॅनो या आणखी एका व्ह्यूअरच्या फाइलीत उभा कोन खाली गेल्यावर वाढतो, पॅनेलममध्ये वर गेल्यावर. तिथे चिन्ह उलटं करा, नाहीतर पेटीवरची माहिती छतावर जाईल. फाइल मिळालीच नाही तरी फोटो असले तर खुणा नव्याने ठेवणं हे काही दिवसांचंच काम आहे.

मेलेल्या लिंकांबद्दल माझं मत ठाम आहे. संग्रहालयाच्या वस्तूची माहिती दुसऱ्याच्या साइटवर सोडून तिथे लिंक देऊ नये. ताम्रपटावर क्लिक केलं तर तुमच्याच फोल्डरमधलं, तुमच्याच माणसाने लिहिलेलं पान उघडलं पाहिजे. बाहेरचा संदर्भ त्या पानाच्या तळाशी द्या. बाहेरची लिंक मेली तरी पान उरतं. आणि वस्तूचा नोंदवहीतला क्रमांक त्या पानावर लिहाच. कपाट हललं, पेटी बदलली, तरी क्रमांकावरून वस्तू सापडते.

नव्याने करार कराल तेव्हा मूळ फाइली संग्रहालयाकडे द्यायच्या आणि डोमेन संग्रहालयाच्या नावावर राहील, ही दोन वाक्यं त्यात घालून घ्या. पैसे त्यानंतर द्या.

प्रश्न : मी आर्किटेक्चरची विद्यार्थिनी आहे. आजीसाठी तिच्या माहेरच्या घराची टूर केली. ती टॅबवर बघते, पण एक-दोन खोल्यांनंतर ‘मी कुठे आले?’ म्हणते, आणि दृश्य फिरलं की तिला गरगरतं. हेडसेट घेऊन दिला तर बरं पडेल का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : हेडसेट नको. गरगरणाऱ्याला त्यात अधिक त्रास होईल, आणि तिथे बोट टेकवता येत नसल्याने नजर रोखून धरून किंवा हातातल्या कंट्रोलरने क्लिक करायचं नवीन तंत्र तिला शिकावं लागेल.

आधी आपोआप फिरणं बंद कर. दृश्य फक्त आजीच्या बोटाने फिरावं. एका खोलीतून दुसरीत जाताना चित्र झटकन बदलू देऊ नकोस, सेकंदभर विरघळू दे. पॅनेलममध्ये ‘सीन फेड ड्युरेशन’ आहे, मिलिसेकंदांत, १००० लिही. पोहोचल्यावर नजर कुठे असावी ते वाईच्या वाचकांना दिलेल्या उत्तरात आहे. तुझ्या आजीचं ‘कुठे आले’ बहुधा त्यातूनच आलंय, कारण आयुष्यभर त्या दारांतून ये-जा केलेल्या माणसाला चुकलेली दिशा लगेच खुपते.

मग फोटोखाली खोल्यांची नावं मोठ्या अक्षरांत ओळीने दे, साध्या लिंक म्हणून : पडवी, माजघर, न्हाणी, परसू. ज्या खोलीत आजी आहे ते नाव ठळक. तिला बाण शोधावे लागणार नाहीत, नावावर बोट ठेवलं की तिथे. कीबोर्डवर चालणाऱ्यांना आणि मजकूर वाचून दाखवणारं स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनाही हीच यादी उपयोगी पडते. पॅनोरमातल्या खुणा त्यांना नीट सापडतीलच असं नसतं. तू आर्किटेक्चरची आहेस, तेव्हा घराचा नकाशा काढून कोपऱ्यात लावायचा मोह होईल. विद्यार्थ्यांसाठी लाव. आजीसाठी नावं पुरेत, आणि ती नावं तिच्या घरात जी म्हणत तीच हवीत. तू ‘लिव्हिंग’ लिहिलं असशील तिथे ती काय म्हणायची ते विचारून घे, आणि विचारशील तेव्हा टॅब समोर ठेवून विचार. त्या खोलीत आणखी कुठे खूण हवी ते ती स्वतःच बोट लावून दाखवेल.